ध्रुवीय रात्रीत ट्रॉम्सो: सूर्य न उगवणाऱ्या आठवड्यांतली सहल कशी आखायची

"सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र" हे शाळेत पाठ केलेलं वाक्य डोक्यात ठेवून लोक उत्तर नॉर्वेची सहल आखायला बसतात आणि तिथेच त्यांचं गणित चुकतं. ते वाक्य खरं आहे, पण फक्त ध्रुवबिंदूपुरतं. माणसांची गावं त्याच्या बरीच खाली आहेत. ट्रॉम्सो शहर 69.65 उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य क्षितिजावर येत नाही तो साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी, म्हणजे जेमतेम सात आठवडे. त्या सात आठवड्यांतही भर दुपारी काळाकुट्ट अंधार नसतो.

कारण सोपं आहे. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांच्या आसपास कललेला असल्यामुळे 21 डिसेंबरला ट्रॉम्सोत दुपारी सूर्य क्षितिजाच्या खाली असतो, पण फक्त तीन अंश. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी जो उजेड उरतो, तेवढा उजेड तिथे दुपारभर टिकून राहतो. वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवशीसुद्धा सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेदोनपर्यंत दिव्याशिवाय चालता येतं, रस्त्यावरची पाटी वाचता येते. दक्षिणेकडचं आकाश केशरी, त्यावर गुलाबी, उत्तरेकडे गर्द निळं आणि खाली हे सगळे रंग झेलणारा बर्फ. माझ्या मते या सहलीचं खरं धन हे चार तास आहेत. अरोरा, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, दिसला तर आनंदच आहे, पण तो ढगांच्या मर्जीवर. हा प्रकाश मात्र रोज येतो. सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती बसवलं, तर ढगाळ आठवडा नशिबी आला तरी सहल वाया जात नाही.

पहिली पायरी: तुम्हाला कोणता अंधार हवा आहे?

आर्क्टिक म्हटलं की सगळीकडे ध्रुवीय रात्र असते, असं नाही. फिनलंडचं रोव्हानिएमी जवळजवळ आर्क्टिक वृत्तावर आहे, आपल्या टूर कंपन्या सर्वांत जास्त तिथेच नेतात, पण तिथे डिसेंबरच्या मधोमधही सूर्य दोन तासांच्या आसपास दिसतो. वातावरणामुळे किरण वाकतात आणि क्षितिजाखालचा सूर्य किंचित वर उचललेला दिसतो, म्हणून असं होतं. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये तर चार तासांचा दिवस असतो. दोन्ही ठिकाणं छान आहेत. पण सूर्य न उगवण्याचा अनुभव हवा असेल तर ती उपयोगाची नाहीत.

लोफोटेन बेटांवर ध्रुवीय रात्र जेमतेम महिनाभराची असते, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. स्वीडनमधलं आबिस्को गाव डोंगरांच्या आडोशाला आहे. पश्चिमेकडून येणारे ढग तिकडेच अडतात, त्यामुळे स्वच्छ आकाशासाठी त्याचं नाव आहे. पण गाव अगदी छोटं, आणि दिवसा करण्यासारखं मोजकंच.

अगदी दुसऱ्या टोकाला स्वालबार्ड द्वीपसमूहातलं लॉन्गइयरब्येन, 78 अंशांवर. तिथे सूर्य ऑक्टोबरच्या अखेरीस मावळतो तो थेट फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत डोळ्यांना फरक कळत नाही. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिते, कारण तो प्रवास निराळ्या तयारीचा आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ट्रॉम्सोच सुचवते. विमानतळ गावातच, हॉस्पिटल आहे, विद्यापीठ आहे, मुक्काम एका जागी ठेवून सगळं करता येतं. शिवाय अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतलं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या आसपास असतं. एवढ्या उत्तरेला इतकी सौम्य थंडी जगात फार कमी ठिकाणी मिळते.

दुसरी पायरी: तारखा

नोव्हेंबरच्या अखेरीस ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत गर्दी कमी असते, पण बर्फाची खात्री नसते. पाऊसही पडतो, आणि तो रस्त्यावर गोठला की चालणं कठीण होतं. नाताळाच्या आठवड्यात दर चढतात आणि गाव बंद होतं. हे बंद होणं आपल्या कल्पनेपेक्षा कडक असतं. 24 डिसेंबरच्या दुपारनंतर दुकानं मिटतात, 25 आणि 26 तारखेला बहुतेक सगळं बंद, 1 जानेवारीलाही तेच. या दिवसांत तिथे असाल तर 23 तारखेलाच किराणा भरून ठेवा. एरवीही रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंदच असतात.

माझी पसंती 4 जानेवारीनंतरच्या दोन आठवड्यांना. बर्फ साचलेला असतो, नाताळाची गर्दी ओसरलेली असते, दुपारचा उजेड दिवसागणिक वाढत जातो. जानेवारीतच ट्रॉम्सोचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, 1991 पासून. त्यात चौकात, बर्फावर उभं राहून मोठ्या पडद्यावर सिनेमे बघता येतात. आणि आपली मकर संक्रांत येते त्याच सुमाराला तिथे सूर्य तांत्रिकदृष्ट्या क्षितिजावर परततो. डोंगर आड येत असल्यामुळे गावातून तो दिसतो 21 जानेवारीच्या आसपास. त्या दिवशी बेकऱ्यांसमोर रांगा लागतात. सूर्याच्या स्वागताला साखरेत घोळवलेले, आत जॅम भरलेले गोल तळलेले बन खायची तिथली रीत आहे. मुलांना शाळेतही ते मिळतात. बॅगेत तिळगूळ न्याच. घरमालकिणीला दिलात आणि सूर्याचाच सण असं सांगितलंत, तर तिला आणखी काही समजावून सांगावं लागणार नाही.

तारीख पक्की करण्याआधी घरच्या कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघा. या मोसमात सूर्य जितका खाली असतो, तितकी पौर्णिमा वर असते. सध्याच्या वर्षांत दत्तजयंतीच्या पौर्णिमेच्या आसपास ट्रॉम्सोत चंद्र काही दिवस मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो. बर्फावर ते चांदणं इतकं पडतं की झाडांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. अमावास्येच्या सुमाराला उलट, चंद्र क्षितिजावर येतच नाही. फिकट अरोरा टिपायचा असेल तर अमावास्या, बर्फाळ डोंगरांसकट फोटो हवे असतील तर अर्धा-पाऊण चंद्र. मला चांदण्यातला बर्फ जास्त आवडतो.

तिसरी पायरी: व्हिसा

नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज नॉर्वेच्या परदेशी नागरिक विभागाच्या संकेतस्थळावर भरायचा, आणि कागदपत्रं व बोटांचे ठसे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात द्यायचे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. दिवाळीच्या पुढेमागे अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून सप्टेंबरमध्येच हे काम उरका. मोठ्यांची फी 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची 45 युरो, वर केंद्राचा सेवाआकार. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. तो घेताना बर्फावर घसरून झालेली दुखापत आणि कुत्र्यांच्या गाडीसारखे उपक्रम त्यात येतात का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. स्वस्त पॉलिसीत हेच वगळलेलं असतं.

स्वालबार्डला जायचं असेल तर अर्जात दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. स्वालबार्ड नॉर्वेच्या अखत्यारीत असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. एकाच प्रवेशाच्या व्हिशावर तिकडे गेलात तर परत ऑस्लोला उतरायचा अधिकार उरत नाही. ही चूक महागात पडते, कारण ती लक्षात येते ती विमानतळावर.

चौथी पायरी: विमान आणि मुक्काम

मुंबईहून दोहा, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे ऑस्लो, आणि तिथून पावणेदोन-दोन तासांत ट्रॉम्सो, हा सरळ मार्ग. ऑस्लोत इमिग्रेशन होतं, आणि बऱ्याचदा बॅग पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा देशांतर्गत काउंटरला द्यावी लागते. मुंबईत चेक-इन करतानाच विचारा की टॅग कुठपर्यंतचा आहे. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर डिजिटल नोंदणीची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो. ऑस्लोत मध्ये किमान तीन तास ठेवा. एक थर्मल जोडी, लोकरी टोपी आणि हातमोजे केबिन बॅगेतच असू द्या. मोठी बॅग मागे राहिली तरी पहिली रात्र निभते.

शहराचं केंद्र ट्रॉम्सोया नावाच्या बेटावर आहे, विमानतळ त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला. शहर बसने आरामात पोहोचता येतं. राहायचं ते केंद्रातच, बंदरापासून चालत जाता येईल अशा जागी, कारण जवळपास सगळ्या सहली तिथूनच सुटतात. घर शहराबाहेर स्वस्त दिसतं, पण बर्फातून रात्री एक वाजता परतायचं असतं हे विसरू नका. चौघांचं कुटुंब असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. यातून वाचणारे पैसे सहलींना पुरतात.

गाडी भाड्याने घेण्याचा मोह टाळा. अंधार, पारदर्शक बर्फाचा थर, अचानक रस्त्यावर येणारे हरणांसारखे मोठे प्राणी, समोरून येणाऱ्या ट्रकने उडवलेला भुगा आणि उजव्या बाजूचं ड्रायव्हिंग, हे सगळं पहिल्यांदाच एकत्र शिकण्याची ही जागा नव्हे.

पाचवी पायरी: कपडे

इथे जरा थांबून वाचा, कारण अर्ध्या लोकांची सहल कपड्यांमुळे बिघडते. बहुतेक वेळा कपडे कमी नसतात, चुकीचे असतात.

अंगाला लागणारा थर लोकरीचा हवा, शक्यतो मेरिनो. सुती बनियन घामाने ओला होतो आणि ओलाच राहतो, मग वरून कितीही जाड जॅकेट घाला, हुडहुडी जात नाही. त्यावर मधला थर फ्लीस किंवा लोकरी स्वेटरचा, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट. आईने विणलेला जाड स्वेटर घरी असेल तर तो उत्तम मधला थर आहे, नवीन काही घ्यायला नको. पायाला लोकरी थर्मल आणि वर वारा अडवणारी पँट. जीन्स नकोच.

बुटांबाबत सर्वांत जास्त चूक होते. दोन जोड मोजे बसावेत म्हणून नेहमीच्याच मापाच्या बुटात पाय कोंबले जातात. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय गार पडतात. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. म्हणून जाड लोकरी मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना बूट घालून बघा आणि एक माप मोठं घ्या. हातांसाठी आत पातळ मोजे आणि वर चार बोटं एकत्र राहतील असे जाड मोजे. फोटो काढताना वरचे काढता येतात आणि हात उघडा पडत नाही.

पुण्या-मुंबईत डेकॅथलॉनसारख्या दुकानात थर्मल, फ्लीस, टोपी सगळं मिळतं. महागडं अतिथंडीचं जॅकेट मात्र विकत घेऊ नका. अरोरा, व्हेल आणि कुत्र्यांच्या गाडीच्या सहलीत बहुतेक कंपन्या डोक्यापासून घोट्यापर्यंतचा जाड सूट देतात, काही जण बूटही देतात. आरक्षण करताना हे तपासा.

दोन छोट्या वस्तू तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी घ्या. एक म्हणजे बुटाला खालून अडकवायचे रबरी पट्ट्यांवरचे खिळे. तिथे त्यांना ब्रोडर म्हणतात, खेळाच्या आणि औषधांच्या दुकानात मिळतात. दुकानात शिरताना ते काढा, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. दुसरी वस्तू रिफ्लेक्टर. जॅकेटच्या खिशाला दोऱ्याने लटकणारा प्लॅस्टिकचा चमकता तुकडा, कधी ताऱ्याच्या आकाराचा, कधी माशाच्या. म्हाताऱ्यांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे तो लावतात. गाडीचा दिवा पडला की शंभरेक मीटरवरून माणूस दिसतो. गडद जॅकेट घालून अंधाऱ्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पर्यटकाला चालक बघूच शकत नाही, म्हणून ही वस्तू हौसेची समजू नका.

सहावी पायरी: दिवस कसा आखायचा

नॉर्वेची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. पहिले दोन दिवस तुम्ही पहाटे चारला जागे व्हाल आणि रात्री आठला पेंगाल. अरोरा बघण्याच्या दृष्टीने हे अगदी उलटं आहे, म्हणून पहिल्या रात्री सहल ठेवू नका.

सकाळी नऊला बाहेर पडा. उजेडाचे तास हॉटेलच्या न्याहारीत आणि दुकानांत घालवणं हा या सहलीतला सर्वांत मोठा अपव्यय. साडेनऊला पूल ओलांडून ट्रॉम्सडालेनला जा. 1960 मध्ये बांधलेला हा पूल किलोमीटरभर लांब आहे, वर वारा झोंबतो, पण पाण्यावर पडलेलं गुलाबी आकाश तिथूनच बघावं. पलीकडे 1965 मधलं आर्क्टिक कॅथेड्रल, पांढऱ्या त्रिकोणी पाकळ्या एकात एक बसवल्यासारखं. तिथून पुढे केबल कार चार मिनिटांत स्टोरस्टाइनेनच्या 421 मीटर उंचीच्या कड्यावर नेते. अकराच्या सुमाराला वर पोहोचलात तर दक्षिण क्षितिज सर्वांत उजळ असतं, आणि मागच्या ट्रॉम्सडालस्टिंडेन शिखराच्या टोकाला फिकट गुलाबी रंग चढलेला दिसतो. खाली गाव दिव्यांनी पेटलेलं. साडेबारापर्यंत थांबा, निळा रंग हळूहळू सगळं गिळत जाताना बघायला मिळेल. जोराचा वारा असला की केबल कार बंद ठेवतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी तपासा.

याच कड्यावर चढणारी दगडी पायऱ्यांची वाट नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधली आहे, बाराशेच्या आसपास पायऱ्या. हिवाळ्यात त्या बर्फाखाली असतात, चढू नका. उन्हाळ्यात पुन्हा जाल तेव्हा.

दुपारी दोननंतर घरातल्या जागा. ध्रुवीय संग्रहालय बंदरावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी कोठारात आहे. रोआल्ड आमुंडसेन आणि फ्रिट्यॉफ नानसेन यांच्या मोहिमांबरोबरच तिथे शिकाऱ्यांनी एकट्याने काढलेल्या हिवाळ्यांची मांडणी आहे. ती बघून बाहेर आलात की बाहेरच्या अंधाराकडे निराळ्या नजरेने बघाल. पैसे वाचवायचे असतील तर सार्वजनिक वाचनालयात जा. कमानदार छपराची, मोठ्या काचांची, उबदार इमारत आहे, बसायला कोणी पैसे मागत नाही, आणि गावातली माणसं हा काळ कसा घालवतात ते तिथे दिसतं. शाळेतून आलेली मुलं, विणत बसलेल्या आज्या, बर्फाळलेले बूट दाराशी.

सातवी पायरी: अरोरा

ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याच्या थेट खाली आहे. म्हणून ॲपवरचा केपी आकडा, म्हणजे अरोरामागच्या चुंबकीय हालचालीचा जोर सांगणारा आकडा, कमी दिसला तरी रात्र सोडून देऊ नका. एक किंवा दोन आकड्यावरही तिथे आकाश हिरवं होतं. अडथळा असतो ढगांचा. नॉर्वेच्या हवामान खात्याची वायआर ही सेवा फुकट आहे, त्यात ढगांचा अंदाज तासातासाचा मिळतो. किनाऱ्यावर ढग असले तरी शंभर-सव्वाशे किलोमीटर आत, शिबोट्नच्या कोरड्या खोऱ्यात किंवा फिनलंडच्या सीमेपलीकडे आकाश मोकळं असू शकतं. अरोरामागे गाडी घेऊन फिरणाऱ्या गाइडचं कसब हेच. म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा आणि कपडे जास्त घाला. ट्रॉम्सोत उणे चार असताना तिथे उणे वीस-पंचवीस असू शकतं.

छोट्या गाडीची सहल घ्या. मोठी बस स्वस्त असते, पण ती ठरलेल्या ठिकाणीच थांबते. दर साधारण हजार ते दोन हजार क्रोनर, आणि एक क्रोनर म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. सगळ्या पैशांची एकच सहल शेवटच्या रात्री ठेवण्यापेक्षा मुक्कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ठेवा, म्हणजे ढग आले तर पुढची रात्र हाताशी राहते. मुक्काम किमान पाच रात्रींचा हवा. बाकीच्या रात्री स्वतः चालत बेटाच्या माथ्यावरच्या प्रेस्टवानेट तळ्याकडे जा. दिवे कमी आहेत, तळ्याभोवती पायवाट आहे, आकाश साफ असेल तर तिथूनही सुंदर दिसतो. संध्याकाळी सहा ते रात्री एक ही चांगली वेळ, पण ध्रुवीय रात्रीत दुपारी चारलाही दिसू शकतो. बाहेर असाल तेव्हा अधूनमधून वर बघत राहा.

डोळ्यांना तो फोटोइतका भडक दिसत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. सुरुवातीला राखाडी-हिरवट ढगासारखा पट्टा वाटतो. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं द्या, मोबाइलचा पडदा बंद ठेवा. जोर वाढला की पट्टा हलायला लागतो, कडेला गुलाबी झालर येते, आणि मग कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, रुंद लेन्स, मोठ्यात मोठं ॲपर्चर, आयएसओ 1600 ते 3200, पाच ते दहा सेकंदांचं एक्स्पोजर. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर लावून ठेवा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ. परत आल्यावर कॅमेरा थेट उबदार खोलीत नेला तर काचेवर आणि आत पाणी धरतं. बाहेरच तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत तासाभराने उघडा. मोबाइलचा नाइट मोडही चांगलं काम करतो, पण फोन स्थिर टेकवलेला हवा.

व्हेल, कुत्रे आणि रेनडिअर

नोव्हेंबर ते जानेवारीत हेरिंग माशांच्या थव्यांमागे हंपबॅक आणि ऑर्का व्हेल उत्तर नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांत येतात. सध्या ते ट्रॉम्सोच्या उत्तरेला शेर्वॉयच्या पाण्यात असतात. ट्रॉम्सोहून बोटीने एकेक बाजू तीन-चार तास, समुद्र खवळलेला. गाडी लागणाऱ्यांनी आदल्या रात्रीच डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी. प्राणी जवळून बघायचे असतील तर मोठी, बंदिस्त, शांत इंजिनाची बोट निवडा. छोट्या रबरी बोटींच्या गर्दीने प्राण्यांना त्रास होतो, आणि तुमचंही हाड गारठतं.

कुत्र्यांची गाडी स्वतः हाकता येते, दोघांत आळीपाळीने. सुरुवातीला कुत्रे जो गोंगाट करतात तो ओरडा रागाचा नसतो, त्यांना धावायचं असतं. ब्रेकवरचा पाय सोडला की क्षणात सगळं शांत होतं आणि फक्त बर्फावरची घसर ऐकू येते. सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या तळावर रेनडिअरना चारा घालण्याची सहल लहान मुलांना फार आवडते. तिथे रेनडिअरच्या मांसाचा रस्सा देतात. शाकाहारी असाल तर आधी कळवा, वेगळं सूप करून ठेवतात. तंबूत शेकोटीभोवती सामी गाणं आणि कळपांच्या हंगामी स्थलांतराची माहिती मिळते. कळप किती जनावरांचा हे मात्र विचारू नका. आपल्याकडे कोणाला बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं ते होतं.

जेवण

बाहेरचं जेवण महाग आहे, साधं एक ताट दोनशे-तीनशे क्रोनरला सहज जातं. किराणा दुकानात तांदूळ, मसूर, भाज्या, ब्रेड, अंडी सगळं मिळतं. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर घरीच ठेवा. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, उपम्याचा भाजलेला रवा, खिचडीचं मिश्रण, हे चालतं. रात्री एकला गारठून आल्यावर दहा मिनिटांत होणाऱ्या मऊ खिचडीसारखं सुख नाही. नळाचं पाणी थेट प्यायचं. एक चांगला थर्मास मात्र हवाच.

झोप आणि मन

पाच-सात दिवसांत नैराश्य येत नाही, पण झोपेची वेळ भरकटते. ठरलेल्या वेळी उठा, सगळे दिवे लावा, साडेनऊला बाहेर पडा. दुपारी तीनला पूर्ण रात्र झालेली असते आणि शरीर झोप मागतं. तेव्हा अर्ध्या तासाची डुलकी घ्या, दोन तासांची नको. तिथले लोक हिवाळ्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल चमच्याने घेतात, आणि घराच्या प्रत्येक खिडकीत दिवा ठेवतात. डिसेंबरमध्ये एकही खिडकी काळी दिसत नाही, कुठे कागदी तारा, कुठे सात दिव्यांचा त्रिकोणी स्टँड. पडदे कोणी ओढत नाही. संध्याकाळी गावाच्या वरच्या गल्ल्यांतून एकदा नुसतं चालून या.

पूर्ण अंधार हवा असेल तर स्वालबार्ड

लॉन्गइयरब्येन ऑस्लोहून विमानाने तीन तास, ट्रॉम्सोहून दीड-पावणेदोन. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावाच्या हद्दीबाहेर पांढऱ्या अस्वलांमुळे शस्त्रधारी गाइडशिवाय जायचं नाही, आणि हद्दीच्या आतसुद्धा डोंगरउतारावरच्या बर्फाकडे लक्ष ठेवायचं. डिसेंबर 2015 मध्ये हिमस्खलनाने गावातली घरं वाहून नेली होती. बऱ्याच हॉटेलांत आणि संग्रहालयात दाराशी बूट काढायचे असतात, कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची सवय. आपल्याला ती लगेच जमते.

एक गोष्ट फक्त इथेच. दुपारीही आकाश काळं असल्यामुळे पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला उमटणारा दिवसाचा अरोरा डोळ्यांनी बघता येतो. त्याचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ इथे येतात. जवळच्या नी-ओलेसुंडमध्ये 2008 पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. डिसेंबर 2023 मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम तिथे गेली, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी ध्रुवीय रात्रीत काम केलं. नी-ओलेसुंडला पर्यटक म्हणून हिवाळ्यात पोहोचता येत नाही. पण लॉन्गइयरब्येनमध्ये तीन रात्री काढून तो काळोख कसा असतो ते कळतं. ट्रॉम्सो आधी करा, स्वालबार्ड नंतर. डोळ्यांना आणि मनाला तो क्रम सोसतो.

आईवडील आणि मुलं बरोबर असतील तर

साठी-सत्तरीतल्या माणसांना ही सहल झेपते, थंडीपेक्षा घसरण्याची भीती मोठी असते. त्यांच्यासाठी खिळे पुण्यातच घेऊन घरी घालून बघा, वाकून चढवता येतात का ते कळतं. चालायच्या काठीला खाली बर्फाचं टोक बसवून मिळतं. पावलं छोटी, हात खिशाबाहेर. रक्तदाबाची औषधं केबिन बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. दम्याचा त्रास असेल तर तोंडावर लोकरी मफलर धरून श्वास घ्यायचा आणि इन्हेलर आतल्या खिशात ठेवायचा, थंडीत तो नीट फवारत नाही. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी 113, आणि जिवावरचं नसेल तर रात्रीच्या डॉक्टरांसाठी 116117. दोन्हीकडे इंग्रजी बोलतात.

अरोराच्या छोट्या गाडीची सहल सहा-सात तास चालते आणि काही कंपन्या लहान मुलांना घेतच नाहीत. मुलं आठ वर्षांखालची असतील तर शेकोटी आणि उबदार तंबू असलेला ठरावीक तळ निवडा. आकाश उघडेपर्यंत ती आत झोपू शकतात, आणि उघडलं की हाक मारता येते.